नदी खाली, तहान वर

निघताना आईने पिशवीत सुंठ आणि आलेपाक कोंबून दिला होता. "उंचावर श्वास लागतो म्हणे, तोंडात धर," एवढीच तिची सूचना. पातापाम्पाच्या खिंडीत बस थांबली तेव्हा ती सूचना आठवली. उंची ४९०० मीटर. खाली उतरून दहा पावले चाललो आणि छातीत लोहाराचा भाता सुरू झाला. समोर साबानकाया ज्वालामुखी धुराचे पुंजके सोडत होता. २०१६ पासून त्याचे हे चालूच आहे. न्यू जर्सीहून सुट्टी काढून आलेला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, फोटो राहू दे, आधी बस." तिथली माणसे अशा वेळी कोकाच्या पानांचा चहा देतात. मी दोन्ही घेतले, चहा आणि आलेपाक. गुण कुणाचा आला ते सांगता येणार नाही.

आम्ही निघालो होतो दक्षिण पेरूतल्या कोल्का नदीची दरी पाहायला. अरेकिपा शहरापासून चिवाय हे तिथले मुख्य गाव साधारण १६० किलोमीटरवर. मे महिन्यातली आमची सुट्टी म्हणजे तिकडे थंडीची चाहूल. चिवायच्या लॉजवर रात्री तीन रग पांघरूनही पाय गार होते.

ही दरी जगातली सर्वांत खोल असे अनेक मार्गदर्शक ठोकून देतात. ते खरे नाही. त्याच अरेकिपा प्रांतातली कोटावासीची दरी हिच्याहून खोल आहे. तरीही काही ठिकाणी कोल्काची खोली तीन हजार मीटरहून अधिक भरते. अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन साधारण १८०० मीटरची, यावरून अंदाज यावा. पर्यटक जिथे गर्दी करतात त्या 'क्रूस देल कोंडोर' या कड्यावरून नदी सुमारे १२०० मीटर खाली दिसते. 'दिसते' म्हणायचे इतकेच, खाली चांदीची तार पडल्यासारखी वाटते.

कोंडोर पक्षी मात्र मनसोक्त पाहिले. पंखांचा पसारा तीन मीटरचा आणि वजन दहा-बारा किलो, त्यामुळे पंख मारत उडणे त्याला परवडत नाही. उन्हाने कडे तापले, गरम हवा वर चढू लागली, की तो नुसते पंख पसरून तिच्यावर स्वार होतो. एक तर आमच्या डोक्यावरून इतक्या जवळून गेला, की पंखातून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकू आला.

पण वाचकहो, खरे सांगायचे तर माझे लक्ष कोंडोरपेक्षा आमच्या मार्गदर्शक बाईंकडे जास्त होते. त्या दरीकाठच्याच काबानाकोंदे गावच्या. ड्रायव्हरशी स्पॅनिश, आमच्याशी इंग्रजी, आणि फोनवर आईशी क्वेचुआ. घरात मराठी, बाजारात कन्नड अशा आपल्यासारख्यांना यात नवल नाही. नवल पुढे होते. मी सहज विचारले, क्वेचुआत घराला काय म्हणतात? 'वासी.' घरे? 'वासीकुना.' घरांमध्ये? 'वासीकुनापी.' मी मनात कन्नड लावून पाहिले: मने, मनेगळु, मनेगळल्ली. तोच साचा! मूळ शब्दाला एकापुढे एक डबे जोडत जायचे. दोन्ही भाषांचे नाते काही नाही, जुळणी मात्र तशीच. १९७५ साली पेरूने क्वेचुआला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. तरी बाईंचा मुलगा आजीला उत्तर देतो ते स्पॅनिशमध्येच. आजी रागावते का, असे विचारले तर बाई नुसत्या हसल्या.

या खोऱ्यात दोन समाज, वरच्या अंगाला कोयाग्वा आणि खाली काबाना. पूर्वी तान्ह्या बाळाचे डोके बांधून त्याला आपल्या डोंगराचा आकार द्यायची पद्धत होती. कोयाग्वांचे डोके उंच निमुळते, काबानांचे रुंद चपटे. १५७०च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोने ती बंद केली आणि विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना चौकोनी गावांत बसवले. आज ओळख राहिली ती बायकांच्या टोप्यांत: एकीकडे रिबिनीची पांढरी गवती टोपी, दुसरीकडे भरतकामाची कापडी.

उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते, बरीचशी इंका राज्याच्याही आधीची. मका, किन्वा, बटाटा, बार्ली. १९३१ साली शिपी आणि जॉन्सन या अमेरिकनांनी विमानातून या खोऱ्याचे फोटो काढले आणि पुढे त्याला 'विसरलेले खोरे' म्हटले. कोण विसरले होते? तिथे राहणारे तर पेरणी करतच होते.

आता खरी गोष्ट. काबानाकोंदे दरीच्या काठावर, नदी हजार मीटरहून अधिक खाली. तिचे पाणी वर येणे शक्य नाही. गाव जगते ते मागच्या वाल्का वाल्का या हिमशिखराच्या ओढ्यांवर. आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा तिथेही पाणी वाटणारा माणूस असतो. त्याने आधी डोंगराला नैवेद्य दाखवायचा, मग पाट फोडायचा. पण पेरूतले हिमनग सहा दशकांत निम्म्याहून अधिक आटले आहेत.

आणि १९७०च्या दशकात सरकारने कोल्काचेच पाणी वरच्या बाजूला, तुती गावाजवळ वळवले. बोगदे आणि कालवे खोदून ते माखेसच्या वाळवंटात न्यायचे होते. कालवा गेला काबानाकोंदेच्या शेतांच्या वरून, त्यांच्याच जमिनीतून. गावाने पाणी मागितले, मिळाले नाही. १९८३ च्या दुष्काळात पिके डोळ्यांदेखत वाळू लागली तेव्हा गावच्या काही माणसांनी जाऊन कालव्याला भोक पाडले. पोलीस आले, चौकशा झाल्या, पण गाव एकजुटीने उभे राहिले आणि अखेर सरकारला त्यांचा वाटा मान्य करावा लागला. त्या अकरा जणांना गावात आजही वीर मानतात. कालव्याला भोक पाडणे कायद्यात बसत नाही, हे मला वर्गात सांगावेच लागेल. त्या काठावर उभा असताना मात्र ते तोंडातून निघेना.

पाण्याची भांडणे तिथेही संपलेली नाहीत. माखेसच्या दुसऱ्या टप्प्यासाठी शेजारच्या कुस्को प्रांताचे पाणी हवे होते, म्हणून २०१० साली एस्पिनारचे लोक रस्त्यावर उतरले. प्रांत दोन, पाणी एक. म्हादईच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्यांना अधिक सांगायला नको.

परतीच्या वाटेवर बाईंचा फोन पुन्हा वाजला. आईच होती. बोलणे बराच वेळ चालले. मग त्यांनी सांगितले, उद्या पहाटे आईच्या शेताची पाण्याची पाळी आहे आणि दारे धरायला घरात कोणी नाही. "भाऊ?" मी विचारले.

"तो माखेसला असतो," त्या म्हणाल्या. "तिथल्या शेतावर कामाला. कालव्याचे पाणी आहे ना तिथे."

चिवायला आम्हाला उतरवून त्या रात्रीच्याच गाडीने गावी परत गेल्या.