‘नॅनो’च्या जाहिरातीला भुलू नका, ‘हर-टू’चा रिपोर्ट मागा

केमो सुरू झाली की केस गळतात, तोंड येतं, जेवण जात नाही. कारण सलाईनमधून दिलेलं औषध रक्तावाटे अंगभर फिरतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, तशाच केसांच्या मुळांतल्या आणि तोंडातल्या पेशीही वाढतात. औषधाला त्यांतला फरक कळत नाही.

मग औषध नेमकं गाठीवरच कसं पोहोचवायचं? त्यासाठी नॅनो कण आले. नॅनो कण म्हणजे चरबीचा फुगा, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. त्याच्या पोटात केमोचं औषध भरतात. असं कॅन्सरचं पहिलं औषध अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं. आपल्याकडेही ते मिळतं. त्याने हृदयाला होणारा धोका कमी होतो. पण त्या फुग्याला गाठ ओळखता येत नाही.

ओळखण्याचं काम अँटिबॉडी करते. स्तनाचा कॅन्सर झालेल्या १०० बायकांपैकी साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत ‘हर-टू’ हे प्रथिन फार वाढलेलं असतं. त्यालाच जाऊन चिकटणारी ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी १९९८ पासून वापरात आहे. तिलाच केमोचं औषध जोडलेलं इंजेक्शन २०१३ मध्ये आलं. फुग्यावर अँटिबॉडी बसवूनही पाहिली, पण २०१६ मध्ये ती मोठी चाचणी थांबवावी लागली. चालू उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. संशोधन अजून सुरू आहे. म्हणून वस्तीत कुणी ‘नॅनो’ म्हणत थेंब किंवा पावडर विकायला आलं, तर एक रुपयाही देऊ नका.

भगिनींनो, बायोप्सी झाली की डॉक्टरांना विचारा, “हर-टूची तपासणी झाली का?” रिपोर्टमध्ये ३+ असेल तर ट्रास्टुझुमॅबचा उपयोग होतो. २+ असेल तर ‘फिश’ ही पुढची तपासणी करावी लागते. ० किंवा १+ असेल तर हे इंजेक्शन तुमच्यासाठी नाही. कुणी सांगितलं म्हणून कर्ज काढू नका. हे इंजेक्शन चालू असताना हृदयाची टू-डी इको ठरल्या वेळी करून घ्या.

खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत; तुमचं औषध त्यात बसतं का, ते स्पष्ट विचारा.

गाठ दुखत नाही म्हणून घरी बसू नका. नव्या औषधाची वाट पाहण्यापेक्षा लवकर झालेली तपासणी जास्त जीव वाचवते.