दोन फेऱ्या पुढे

देवळाला प्रदक्षिणा घालणारी चार माणसे पाहा. एकाची ती तिसरी प्रदक्षिणा असते, दुसऱ्याची अकरावी. पुढे कोण आणि मागे कोण, हे नुसते पाहून सांगता येईल का? तिथे ज्याचे त्याने मोजायचे असते, म्हणून तंटा होत नाही. पण हाच प्रकार वीसबावीस मोटारींनी सुरू केला, त्यावर बक्षीस लावले आणि मोजण्याचे काम दुसऱ्यांच्या हाती दिले, म्हणजे काय होऊ शकते, त्याची ही हकीकत आहे.

अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, ‘स्टॉक कार’च्या शर्यतींचे वेड फार. स्टॉक कार म्हणजे दुकानात विकत मिळते तशी मोटार. आज शर्यतीच्या गाड्या मुद्दाम बांधून घेतात, पण सुरुवातीला खरोखरच घरची मोटार रंगवून, आकडा घालून मैदानात उतरवीत. या खेळाचे मूळही मोठे गमतीचे आहे. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. डोंगरात गाळलेली चोरटी दारू शहरात पोचवणारे तरुण साध्या दिसणाऱ्या मोटारींची एंजिने आतून सुधारून घेत आणि पोलिसांच्या हातावर तुरी देत. दारूबंदी उठली तरी हा धंदा चालूच राहिला आणि हेच तरुण सुटीच्या दिवशी एकमेकांशी पैजा मारू लागले. या सगळ्या पसाऱ्याला शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने १९४७ च्या डिसेंबरात डेटोना बीच येथे बैठक भरवली आणि १९४८ मध्ये ‘नॅस्कार’ ही संस्था उभी राहिली.

शर्यतीचा मार्ग बहुधा अंडाकृती असतो. कुठे अर्ध्या मैलाचा मातीचा, तर कुठे डेटोनासारखा अडीच मैलांचा डांबरी. १९५९ मध्ये खुल्या झालेल्या डेटोनाच्या मार्गाची वळणे ३१ अंशांनी तिरपी आहेत. तशी ती नसती, तर भरधाव मोटारी वळणावर बाहेर फेकल्या गेल्या असत्या. आपण प्रदक्षिणा घालतो ती देव उजव्या हाताला ठेवून; ही मंडळी मैदान डाव्या हाताला ठेवून शेकडो मैल फिरतात.

आता मोजण्याचे. पहिल्या दहावीस फेऱ्यांतच पुढच्या गाड्या मागच्यांना गाठतात, कुणी टायर बदलायला थांबतो, कुणी पेट्रोल भरायला, आणि सगळी सरमिसळ होऊन जाते. त्या काळी प्रत्येक गाडीसाठी एकेक माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसे. आपली गाडी समोरून गेली की घड्याळात पाहून वेळ टिपायची, एवढेच त्याचे काम. पुष्कळदा चालकाची बायकोच या कामाला बसे. नवरा धुळीत दिसेनासा झालेला आणि बायकोची नजर घड्याळावर! शर्यत धावायची मैदानात, पण जिंकायची या कागदांवर.

व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल नावाचे गाव आहे. तिथे १९२१ साली वेंडेल स्कॉट जन्मला. तो कृष्णवर्णीय होता. गावात पोट भरायचे तर कापडगिरणी नाहीतर तंबाखूचा कारखाना. स्कॉटला कुणाच्या हाताखाली राबणे नको होते. त्याने टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात लष्करात मोटारी दुरुस्त केल्या, परत येऊन स्वतःचे गॅरेज काढले आणि जोडीला चोरटी दारूही वाहिली. १९५२ साली डॅनव्हिलच्या शर्यतवाल्यांना गर्दी खेचण्यासाठी एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली, “असा वेगाने गाडी हाकणारा कोण आहे?” पोलिसांना स्कॉट चांगलाच ठाऊक होता!

गंमत म्हणून बोलावलेल्या या माणसाने खेळ सोडला नाही. नॅस्कारच्या शर्यतीला तो आपली गाडी घेऊन गेला, तेव्हा केवळ कातडीच्या रंगामुळे त्याला परत पाठवण्यात आले. प्रेक्षक हुर्यो करीत, काही चालक मुद्दाम धडक देत. तो मात्र पुढच्या शर्यतीला हजर. हळूहळू दारे उघडली. १९५९ मध्ये त्याने व्हर्जिनिया राज्याचे अजिंक्यपद मिळवले आणि १९६१ मध्ये तो नॅस्कारच्या सर्वांत वरच्या श्रेणीत दाखल झाला. इतरांच्या पाठीशी मोटार कारखान्यांचा पैसा होता; स्कॉटच्या पाठीशी त्याचे घर होते. जुनी गाडी घ्यायची, वापरलेले टायर लावायचे, एंजिन स्वतः खोलायचे आणि मुलांनी हाती पाने घेऊन मदतीला उभे राहायचे, असा सारा संसार!

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा मार्ग, २०० फेऱ्या. रिचर्ड पेटी हा नामांकित चालक पुढे होता, पण त्याची गाडी कुरकुरू लागली. २५ फेऱ्या उरल्या असताना स्कॉटने त्याला मागे टाकले. त्याच्या हिशेबाने २०० फेऱ्या पुऱ्या झाल्या, पण चौकटीचे निशाण काही पडेना. तो फिरतच राहिला. अखेर निशाण पडले ते बक बेकरसाठी! चषक बेकरच्या हाती गेला, टाळ्या झाल्या.

स्कॉटने तक्रार केली. कागद पुन्हा तपासले गेले. काही तासांनी निकाल लागला: स्कॉट पहिला, आणि तोही थोडाथोडका नव्हे, बेकरच्या तब्बल दोन फेऱ्या पुढे! पण तोवर प्रेक्षक घरी गेले होते आणि बेकर चषकासह निघून गेला होता. अधिकाऱ्यांनी मोजणीतील चूक म्हणून सांगितले. स्कॉटच्या घरच्यांना ते कधीच पटले नाही. त्या काळी विजेत्याला चषक देण्यास एक गोरी तरुणी उभी असे आणि विजेता तिचे चुंबन घेई. दक्षिणेतल्या भर मैदानात हे दृश्य नको होते, म्हणूनच मोजणी चुकली, अशी त्यांची समजूत. बक्षिसाची रक्कम मिळाली. चषक काही मिळाला नाही.

स्कॉट पुढे दहा वर्षे धावला. वरच्या श्रेणीत ४९५ शर्यती, त्यांतील १४७ वेळा पहिल्या दहांत. विजय मात्र तो एकच. १९७३ मध्ये अलाबामातील टॅलडेगा येथे अनेक गाड्यांच्या अपघातात तो जबर जखमी झाला आणि तिथेच त्याच्या कारकिर्दीची अखेर झाल्यासारखी झाली. १९९० मध्ये तो वारला. २०१५ मध्ये नॅस्कारने आपल्या सन्माननीयांच्या मालिकेत त्याला स्थान दिले. त्या मालिकेतला तो पहिलाच कृष्णवर्णीय. तरी घरातल्या फळीवरची चषकाची जागा रिकामीच होती.

२८ ऑगस्ट २०२१ रोजी, स्कॉटच्या जन्मशताब्दीच्या आदल्या दिवशी, डेटोना येथे नॅस्कारने त्याच्या कुटुंबाला जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक दिला. पावणेअठ्ठावन्न वर्षांनी! जी मुले कधी काळी हाती पाने घेऊन धुळीत उभी असत, त्यांचे केस आता पिकले होते.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरला, बबा वॉलेस नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाने या श्रेणीतली शर्यत जिंकली. स्कॉटनंतरचा हा पहिलाच. आणि मैदान कोणते? टॅलडेगा! पावसाने शर्यत १८८ ऐवजी ११७ फेऱ्यांवर थांबवली, तेव्हा वॉलेस पुढे होता. आता प्रत्येक गाडीत एक छोटेसे यंत्र बसवलेले असते आणि फेऱ्या तेच मोजते. वॉलेस पहिला आल्याचे त्याच मैदानावर, त्याच दिवशी जाहीर झाले आणि चषकही तिथेच त्याच्या हाती आला.