यंत्राचा पत्ता आणि मागचे दार

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री काय झाले होते, ते घरच्या मंडळींना विचारून पाहा. नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाएकी बंद पडले. आपलाच फोन बिघडला असे समजून पुष्कळांनी तो बंद करून पुन्हा सुरू केला. मीही केला! सारे मार्गी लागायला सुमारे सहा तास लागले. कंपनीने नंतर सांगितलेले कारण असे की, जगभरची आपली केंद्रे जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिने त्या साऱ्या जोडण्याच तुटल्या. पण एका आज्ञेने झालेली चूक दुसऱ्या आज्ञेने लगेच का सुधारता आली नाही?

यासाठी आधी यंत्राचा पत्ता म्हणजे काय ते पाहू. संगणकांच्या जाळ्यातील यंत्रे एकमेकांना आय. पी. पत्त्याने ओळखतात. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत हा पत्ता म्हणजे ० किंवा १ असे ३२ अंक. वाचायला सोपे जावे म्हणून आठ-आठ अंकांचे चार गट पाडून ते दशमान पद्धतीत लिहितात, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.२५. अशा पत्त्यात २५६ हा आकडा कधीच दिसणार नाही. का, ते वहीत करून पाहा. पत्त्याचा पुढचा भाग गल्ली सांगतो आणि उरलेला भाग घर. आपल्या उदाहरणात पहिले तीन आकडे गल्लीचे धरू.

मोठ्या केंद्रांत जी स्विच आणि राउटर नावाची यंत्रे असतात, ती बहुधा एकसंध नसतात. एक लोखंडी सांगाडा असतो आणि त्याच्या खणांत, कपाटात पुस्तके सरकवावीत तशी, कार्डे सरकवलेली असतात. एखादे कार्ड बिघडले तर यंत्र न थांबवता तेवढेच काढून दुसरे बसवता येते. पंख्यांचेही तसेच. मग पत्ता कोणाला द्यायचा? प्रत्येक कार्डाला? नाही. देखरेख करणारे एक मुख्य कार्ड असते. दुरून बोलायचे ते त्याच्याशी. बाकीची कार्डे खणाच्या क्रमांकाने ओळखली जातात. ३/१२ म्हणजे तिसऱ्या खणातील कार्डाचे बारावे पोर्ट. चाळीला पत्ता एकच असतो आणि आत खोल्यांना नंबर असतात, तसेच हे. हा पत्ता कार्डावर कोरलेला नसतो, नोंदींत लिहिलेला असतो. म्हणून मुख्य कार्ड बदलले, तरी जुन्या नोंदी नव्या कार्डाला दिल्या की पत्ता तोच राहतो.

या पत्त्यावर विचारणा केली की कोणता पंखा मंदावला, कोणते कार्ड तापले, हे परगावी बसूनही कळते. आज्ञा देऊन एखादे पोर्ट बंदही करता येते. पण गोम इथेच आहे! आज्ञा जाते ती त्याच जाळ्यातून.

आमच्या प्रयोगशाळेचा छोटा स्विच वरच्या मजल्यावर, छताजवळच्या पेटीत आहे. एकदा खाली खुर्चीत बसून मी त्याचा पत्ता बदलायला घेतला आणि गल्लीचा आकडा चुकवला. बटण दाबताच संबंध तुटला. चूक कळली होती, दुरुस्तीही ठाऊक होती, पण ती यंत्राला सांगायची कशी? बसल्या फांदीवरच मी कुऱ्हाड घातली होती. शेवटी शिडी, लॅपटॉप आणि एक चपटी केबल घेऊन वर चढावे लागले.

ही केबल कन्सोल पोर्टमध्ये बसते. ती थेट त्या एका यंत्रालाच जोडलेली असल्यामुळे तिला पत्ता लागतच नाही. मोठ्या यंत्रांच्या मुख्य कार्डावर आणखी एक खास पोर्ट असते. त्याला निराळा पत्ता देऊन निराळ्या जाळ्याने जोडतात. हे मागचे दार. पुढचे जाळे कोसळले तरी इथून आत शिरता यावे, हा हेतू. मात्र मागच्या दाराची वाट पुढच्या अंगणातून जात असेल, तर त्याचा उपयोग काय?

२०२१ च्या त्या रात्री कंपनीचे हे मागचे जाळेही चालले नाही. नावावरून पत्ता शोधून देणारी तिची यंत्रणा जगाला दिसेनाशी झाली आणि त्यामुळे दुरुस्तीची बरीचशी साधनेही निकामी ठरली. अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर पाठवावे लागले. ती केंद्रे तर मुद्दामच अशी केलेली की, आत शिरणे अवघड आणि शिरल्यावर यंत्रांत फेरफार करणेही अवघड. चोरांसाठी केलेला बंदोबस्त घरच्याच माणसांना आडवा आला.

दुरून काम करणारे जाणते लोक एक युक्ती वापरतात. मला ती शिडी चढून झाल्यावर कळली. बदल करण्यापूर्वी यंत्राला सांगून ठेवायचे, ‘दहा मिनिटांनी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू हो.’ मग बदल करायचा. संबंध टिकला, तर ती आज्ञा रद्द करून नवा बदल जतन करायचा. तुटला, तर स्वस्थ बसून राहायचे. पुन्हा सुरू होताना यंत्र जतन केलेल्या जुन्या नोंदी वाचते आणि जुन्या पत्त्यावर हजर होते. आता समजा, घाईघाईत मी नवा चुकीचा पत्ता आधीच जतन करून टाकला. दहा मिनिटांनी काय होईल? सांगा पाहू!