तेर : पांढरीखालचे तगर

महाराष्ट्राच्या प्राचीन वास्तूंचा विषय निघाला की सह्याद्रीच्या कातळात कोरलेली लेणी प्रथम आठवतात. परंतु ज्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी त्या लेण्यांना दाने दिली, त्यांची नगरे कशी होती हे पाहण्यासाठी फारसे कोणी वाट वाकडी करीत नाही, कारण ती नगरे बहुतांशी शेतांखाली आणि गावठाणांखाली गेली आहेत. धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरवर तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे अशा नगरांपैकी एक असून, जिज्ञासू प्रवाशाने मुद्दाम जावे अशी त्याची योग्यता आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत सागरी व्यापाराची जी मार्गदर्शिका लिहिली, ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. तीत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ या मोठ्या नगराचा उल्लेख असून, तेथून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोच बंदराकडे रवाना होत असे, असे म्हटले आहे. पुढे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत राहिले; म्हणजे सत्ता कोकणात किंवा कोल्हापूरकडे असली, तरी मूळ सांगायचे ते या नगराचे. तरीही हे तगर नेमके कोठे होते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी दौलताबाद सुचवले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरचा पक्ष घेतला, तर रा. गो. भांडारकरांनी धारूरचा. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले आणि पुढील उत्खननांनी त्याला भक्कम आधार दिला.

गावातील त्रिविक्रम मंदिर हे येथील सर्वांत मोलाचे स्थळ होय. पुढचा सपाट छताचा मंडप ओलांडून मागच्या बाजूस गेल्याशिवाय त्याचे वेगळेपण ध्यानात येत नाही. विटांनी बांधलेला हा गाभारा चौकोनी नसून मागे अर्धवर्तुळात वळलेला आहे, त्याचे छप्पर लांबट घुमटासारखे आहे आणि दर्शनी बाजूस, मंडपाच्या वर, नालेच्या आकाराची चैत्यकमान दिसते. या रचनेला हत्तीच्या पाठीवरून ‘गजपृष्ठाकार’ म्हणतात. कार्ले किंवा भाजे येथील चैत्यगृहांचा, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी कोरलेल्या दालनांचा, तलविन्यास असाच आहे. फरक एवढाच की तेथे डोंगर पोखरून जे साधले, ते येथे वीट वीट रचून साधलेले आहे. अशी बांधीव उदाहरणे भारतात अगदी मोजकी उभी असून आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे त्यांपैकी एक आहे. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथील पाहणी करून ही वास्तू मुळात बौद्ध चैत्य असावी असा निष्कर्ष काढला. तो बराच मान्यता पावला असला, तरी ऐहोळेच्या दुर्गामंदिरासारखी ब्राह्मणी देवालयेही याच आकाराची आहेत, हे ध्यानात घेता केवळ आकारावरून निर्णय देणे घाईचे ठरेल. आज आत पाऊल उचललेला त्रिविक्रम विष्णू उभा आहे आणि त्याची पूजा चालू आहे.

गावाभोवतीच्या टेकाडांवरील राखट माती, जिला शेतकरी ‘पांढर’ म्हणतात, ही शतकानुशतकांच्या वस्तीच्या मोडतोडीची असते. उत्खननांत या पांढरीखालून विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. रोमन नाण्यांची नक्कल करून भाजलेल्या मातीच्या चकत्या आणि दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या सुबक मूर्तीही येथे सापडल्या आहेत. या चकत्यांना टांगण्यासाठी छिद्र असे. परदेशी नाण्यावरचा राजाचा मुखवटा येथील लोक दागिना म्हणून गळ्यात मिरवत, ही गोष्ट त्या व्यापाराबद्दल आकड्यांपेक्षा अधिक सांगून जाते. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर विशेष प्रसिद्ध आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती तेर व भोकरदन येथे सापडल्यामुळे तीही दख्खनमध्येच घडली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

हा ठेवा टिकला तो प्रामुख्याने तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या चिकाटीमुळे. पावसाने उघड्या पडलेल्या आणि नांगराच्या फाळाला लागलेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातूनच त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. एका खेडेगावात असा संग्रह असावा, हे महाराष्ट्राचे भाग्यच म्हणावे लागेल. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा, म्हणजे दरवाजाची चौकट, येथेच जपलेली आहे. लाकूड इतकी शतके तगल्याची उदाहरणे या हवामानात दुर्मीळ असल्याने तिच्यापुढे अंमळ अधिक वेळ थांबणे इष्ट. प्राचीन विटाही पाहण्याजोग्या आहेत. मातीत धानाचा तूस मिसळून त्या भाजल्यामुळे तूस जळून आत बारीक पोकळ्या राहत आणि वीट पाण्यावर तरंगण्याइतकी हलकी होई.

वारकऱ्यांना मात्र तेर ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांमुळे. ज्ञानदेव-नामदेवांच्या समकालीन असलेल्या या कुंभार संताने शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ मध्ये येथे समाधी घेतली आणि चैत्र वद्य पक्षात आजही मोठी यात्रा भरते. समाधिमंदिराजवळच काळेश्वराचे जुने विटांचे देऊळ आहे. यात्रेच्या गर्दीत ते निवांत पाहता येत नाही, म्हणून वास्तू पाहू इच्छिणाऱ्याने हिवाळ्यातील एखादा साधा दिवस निवडावा, प्रथम वस्तुसंग्रहालय पाहावे आणि मग मंदिरांकडे वळावे. पांढरीवर खापराचा तुकडा दिसला, तर तो उचलू नये. कोणत्या थरात, कोणत्या जागी तो पडला होता हे कळले, तरच अभ्यासकाला त्याचा काळ ठरवता येतो.