कोपरात दडलेला नो-बॉल

"फेकतोय रे, फेकतोय!"

भाताची कापणी उरकली की उरण, पेण, अलिबागच्या गावागावांत ही आरोळी ऐकू यायला लागते. पाणी मारून, माती चोपून शेतातच तयार केलेली खेळपट्टी, मोजक्या षटकांचा सामना, भोंग्यावर मराठी समालोचन, मांडवात बक्षिसाची मोटरसायकल आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. रायगडच्या किनाऱ्यावर टेनिस बॉलचं क्रिकेट हे असं खेळलं जातं. त्यात रडीचा डाव नाना तऱ्हांनी खेळतात. बॅटीची कड लागूनही न हलणारा फलंदाज असतो, टप्पा पडल्यावर उचललेला झेल छातीठोकपणे मागणारा असतो. ते भांडण त्या दिवसापुरतं राहतं. 'फेकी बॉलर' हा शिक्का मात्र एकदा बसला की पुढच्या गावातल्या स्पर्धेत गडी पोचण्याआधी पोचलेला असतो. मुंबईच्या गल्लीत यालाच 'भट्टा' म्हणतात, चेन्नईत 'मांगा', म्हणजे आंबा. दगड मारून कैऱ्या पाडणारा हात कसा फिरतो हे किनाऱ्यावरच्या वाचकाला सांगायला नको.

पण फेकी म्हणजे नेमकं काय? मैदानाबाहेरच्या दहांपैकी नऊ जण सांगतील, "हात वाकवून टाकतो तो." हे चूक आहे. क्रिकेटच्या नियमावलीतला 21.2 हा नियम हात वाकलेला असण्याला हरकतच घेत नाही. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये, एवढंच तो म्हणतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच वाकलेला हात निर्दोष आहे. वाकलेला हात सरळ होताना जो झटका मिळतो, तो गुन्हा. बेसबॉलचा पिचर हाच झटका राजरोस वापरतो आणि धाव न घेता चेंडू ताशी 150 किलोमीटरच्या पुढे नेतो. त्याचा कोपर सेकंदाला दोन हजार अंशांहून अधिक वेगाने उघडतो.

टेनिस क्रिकेटमध्ये या झटक्याचा मोह जास्त का, याचं उत्तर हवेत आहे. टेनिसच्या नियमांत चेंडूचं वजन 56 ते 59.4 ग्रॅम असतं. क्रिकेटसाठी मिळणारा जड टेनिस बॉल त्याहून थोडा अधिक भरतो, इतकंच. लेदरचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा. आकारात मात्र दोघांत फारसा फरक नाही, शिवाय टेनिस बॉलच्या अंगावर लव असते. म्हणजे हवेचा अडथळा जवळपास तेवढाच आणि त्याला तोंड देणारं वस्तुमान जेमतेम तिसरा हिस्सा. हिशेब करून पाहू. दोन्ही चेंडू हातातून ताशी 108 किलोमीटरने सुटले असं धरा. टप्प्यावर जाणारा वेग बाजूला ठेवला, तर 17 मीटर हवा कापल्यावर लेदरच्या चेंडूला साधारण 96चा वेग उरतो, टेनिसच्या चेंडूला सुमारे 78चा. गोलंदाजाने जीव तोडून कमावलेल्या वेगातला चौथ्या हिश्शाहून अधिक वाटेतच खर्ची पडतो.

त्यात दुपार कलली की समुद्रावरून खारे वारे सुटतात. ताशी 18 किलोमीटरचा वारा म्हणजे अंगाला जेमतेम गार लागेल असा. पण तो समोरून येत असेल तर हवेच्या अडथळ्यात एक तृतीयांशाहून अधिक भर पडते, कारण अडथळा हा चेंडूच्या हवेशी असलेल्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून इथला मुरलेला कर्णधार दुपारच्या सामन्यात हुकमी वेगवान गोलंदाजाला समुद्राकडे पाठ करून धावायला लावतो, आणि दुसऱ्या टोकाने हळू चेंडू टाकणाऱ्याला आणतो. समोरून येणारा वारा हळू चेंडूला आणखी अडवतो, फलंदाजाची बॅट आधीच फिरून जाते. माझ्या मते टेनिस क्रिकेटमधलं खरं कसब इथे आहे, आणि त्याचं कौतुक षटकारांच्या गदारोळात फारसं होत नाही. ज्याच्यापाशी हे कसब नाही आणि ज्याला समुद्राकडे तोंड करून टाकायचं आहे, त्याला कोपर खुणावू लागतो.

आता अंपायर. त्याने आधी गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेच्या आत आहे का ते बघायचं, आणि लगेच मान वर करून हात. खांद्याच्या पातळीपासून चेंडू सुटेपर्यंतचा अवधी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. स्क्वेअर लेगचा अंपायर हे अधिक नीट बघू शकतो आणि नो-बॉल देण्याचा अधिकार त्यालाही आहे. छोट्या सामन्यांत मात्र तिथे बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच कुणीतरी उभा असतो. त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

पण अंपायर अगदी देवमाणूस असला तरी त्याचा डोळा फसतो. घरी करून बघा: कोपर थोडा वाकवून हात बाजूला पसरा, तो वाक तसाच घट्ट धरून ठेवा आणि अख्खा हात खांद्यातून पिळा. समोर बसलेल्याला तो हात एका क्षणी वाकलेला दिसेल, दुसऱ्या क्षणी सरळ, आणि कोपर तर तसूभरही हललेला नसेल. वाकलेली वस्तू फिरली की तिची सपाट प्रतिमा बदलते. शिवाय तळवा पुढे करून हात खाली सोडला तर बहुतेकांचा कोपरापुढचा भाग अंगापासून थोडा बाहेर झुकतो. हा झुकाव कुणाचा कमी, कुणाचा जास्त. त्यामुळे काही गोलंदाज जन्मतःच 'फेकी' दिसतात.

मुथय्या मुरलीधरनचं हेच झालं. त्याचा कोपर जन्मापासून पूर्ण सरळ होत नाही. 1995 साली मेलबर्नच्या कसोटीत डॅरेल हेअर या पंचाने त्याचे सात चेंडू नो-बॉल ठरवले. जसप्रीत बुमराहची गोष्ट उलटी आहे. त्याचा कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे, उलट्या दिशेने वाकतो, आणि हा उलटा वाक आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद मोजणीत धरत नाही.

कोपर किती उघडलेला चालेल याची परिषदेची मर्यादा पूर्वी वेगवान गोलंदाजांना 10 अंश, मध्यमगतीला साडेसात आणि फिरकीला 5 अशी होती. 2004 मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी मोजमाप झालं तेव्हा आढळलं, की ज्यांची शैली पुस्तकात छापण्याजोगी मानली जाते अशांचाही कोपर थोडाफार उघडतोच. 2005 पासून सगळ्यांना 15 अंशांची एकच मर्यादा आली. साधारण त्यापुढचा झटकाच डोळ्याला जाणवू लागतो, हे त्यामागचं एक कारण. 2014 मध्ये पाकिस्तानचा सईद अजमल चाचणीत अडकला, तेव्हा त्याचा कोपर या मर्यादेच्या कितीतरी पुढे जात होता. अशा चाचणीत गोलंदाजाच्या उघड्या हातावर चमकते ठिपके चिकटवतात आणि चहूबाजूंनी कॅमेरे लावून कोपराचा कोन तिन्ही मितींत काढतात. भारतात चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत अशी प्रयोगशाळा आहे.

गावच्या स्पर्धेला ती परवडणार नाही. म्हणून हल्ली वाद झाला की थेट प्रक्षेपणाची चित्रफीत थांबवून दाखवतात. हा पुरावा जवळपास निकामी असतो. सेकंदाला 30 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याला त्या दहाव्या भागात तीनच चित्रं मिळतात, तीही पुसट, आणि एकाच बाजूने. साध्या फोनमधली सेकंदाला 240 चित्रांची स्लो मोशन बरी; तिच्यात चोवीस मिळतील. एक फोन बाजूला, एक मागे, असे दोन लावून स्पर्धेच्या आदल्या दिवशी संशयित गोलंदाजाकडून सहा चेंडू टाकून घेतले, तर 12 अंश की 18 हे कळणार नाही, पण चाळीस अंशांचा झटका लपणार नाही. गावच्या मैदानाला तेवढं पुरे. फक्त त्या गोलंदाजाला पूर्ण बाह्यांचा सैलसर टी-शर्ट घालू देऊ नका. वाऱ्यावर फडफडणाऱ्या बाहीत कोपर कुठे आहे हे चार फोन लावूनही सापडत नाही.