सोंगाचे भय आणि खरा धोका

शिगमो आला की गोव्यातील लहान मुलांचे दोन गट पडतात : सोंगांच्या मागे धावणारा एक आणि आईच्या पदराआड तोंड लपविणारा दुसरा. फोंडा, साखळी, सांगे येथे निघणारा वीरभद्र, त्याच्या हातांतील तलवारी आणि ढोलताशांचा गजर यांनी मोठ्यांच्याही अंगावर काटा येतो. काल्यातील काळ्या वेषाचा संकासूर, इंत्रुजातील मुखवटे, चतुर्दशीच्या पहाटे जाळला जाणारा नरकासुर अशी भयप्रद रूपे आपल्या मुलांना वर्षभर भेटत असतात. यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु मुखवट्याआड कोण आहे हे कळत नाही आणि गर्दीत तो आडोसा एखादा दुष्ट माणूसही घेऊ शकतो, ही पालकांची चिंता निराधार म्हणता येणार नाही.

प्रथम मुलाच्या भीतीविषयी. ‘अरे, तो शेजारचा काकाच आहे’ असे सांगूनही तीन-चार वर्षांचे मूल शांत होत नाही, तेव्हा आपण त्याला भित्रे ठरवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेटा डेव्रीस यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेनार्ड नावाच्या मांजराला मुलांच्या उपस्थितीत कुत्र्याचा मुखवटा चढवला होता. मांजराचे मागचे अंग सर्व वेळ मुलांना दिसत होते. तरीही तीन वर्षांच्या अनेक मुलांना ते आता कुत्राच झाले आहे असे वाटले. सहा वर्षांच्या मुलांना मात्र ते मांजरच असल्याचे बहुधा समजत होते. म्हणजे त्या वयात मुखवटा घातलेला काका हा खरोखरच काका उरत नाही. अशा मुलाला सोंगाच्या पुढ्यात ढकलून ‘धीट’ करू पाहणे हा शुद्ध अविचार होय. मुखवटा दिवसाउजेडी त्याच्या हाती द्यावा, त्याच्यासमोर चढवून उतरवून दाखवावा, आणि मिरवणुकीत ते मागे सरले तर त्याला मागे सरू द्यावे.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. जेवत नाही म्हणून बागुलबुवा आणि झोपत नाही म्हणून झोळीवाला गोसावी आपणच घराघरांत उभा करतो. ‘तो तुला झोळीत घालून नेईल’ हे वाक्य ऐकत वाढलेली माणसे मोठेपणी अफवांवर किती चटकन विश्वास ठेवतात, हे 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश भ्रमणध्वनींवर फिरत होते. त्या संशयातून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. सप्टेंबर 2022 मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली; त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. हा रोग केवळ आपलाच नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ग्रीनव्हिल शहरात विदूषकाच्या वेषातील माणसे मुलांना रानात बोलावतात अशा तक्रारी आल्या. पोलिसांना तेथे कोणी आढळले नाही, पण पाहता पाहता ते भय इतर राज्यांत आणि परदेशांतही पसरले.

वेषावर नजर खिळली की खरा धोका दृष्टीआड होतो. बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत. त्यांना मुखवट्याची गरजच नसते. म्हणून मुलाला ‘अमुक कपड्यांतल्या माणसापासून दूर राहा’ असे शिकवू नये. माणूस काय करतो, काय मागतो, याकडे त्याचे लक्ष वेधावे. गर्दीतून बाजूला चल म्हणतो का, अंगाला नको तेथे हात लावतो का, ‘तुझ्या बाबांनी पाठवले आहे’ असे सांगतो का, घरी बोलू नकोस म्हणतो का? असे करणारा मुखवट्यातला असो, मामा असो वा शिकवणीचे सर असोत, तेथून निघायचे आणि घरी सांगायचे. ‘बाबांनी पाठवले’ यावर तोडगा म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. तो सांगितल्याशिवाय कोणाबरोबरही जायचे नाही.

शिगमोत्सवाच्या गोंगाटात रडणाऱ्या मुलाकडे कोणी वळून पाहत नाही, कारण तेथे दहा मुले रडतच असतात. तेव्हा नुसते रडण्याऐवजी ‘मी यांना ओळखत नाही!’ असे ओरडण्याचा सराव घरीच करून घ्यावा. चुकामूक झाल्यास कोठे थांबायचे ती जागा पोहोचल्याबरोबर दाखवून ठेवावी. देवळाची पायरी किंवा नेहमीचे दुकान पुरते. ‘पोलिसांकडे जा’ एवढेच सांगणे अपुरे आहे. आपल्या बहुरूप्यांचे आवडते सोंग फौजदाराचेच, हे विसरू नये!

एखाद्या सोंगाने खरोखर धमकावले, अडवले वा पैशासाठी ओढाताण केली, तर मुखवटा ओढण्याच्या भरीस पडू नये; त्यातून झटापट होते आणि मुलाकडे दुर्लक्ष होते. माणूस वेष बदलतो, पण पायांतली चप्पल सहसा बदलत नाही. ती, चाल, आवाज, वाहनाचा क्रमांक लक्षात ठेवून 112 वर कळवावे. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक अहोरात्र चालतो. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि लपविणे हा गुन्हा आहे. गोव्यात याशिवाय 2003 चा बाल कायदा लागू असून त्याखालील खटल्यांसाठी स्वतंत्र बाल न्यायालय आहे. तक्रार करताना मुलाला तोच प्रसंग नातेवाइकांपुढे पुन्हापुन्हा सांगायला लावू नये. त्याचे शब्द त्याच दिवशी, जसेच्या तसे कागदावर उतरवून ठेवावेत. पोलीस ठाण्यात तेच उपयोगी पडतात.