वेस्टबीचे न्यूटन : एका येओमन घराण्याची जमीन आणि वंशावळ

फ्रान्सशी चाललेल्या लढाईचा खर्च भागवण्यासाठी आठव्या हेन्रीने पार्लमेंटकडून एक कर मंजूर करून घेतला. १५२४ साली त्याची वसुली झाली तेव्हा लिंकनशायर परगण्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या वेस्टबी या खेड्यात तेवीस माणसं कराला पात्र ठरली. त्यांतल्या चौदा जणांनी सगळ्यांत कमी, म्हणजे चार पेन्स भरले. चार पेन्स म्हणजे त्या काळी मजुराची दिवसभराची मजुरी. आठ जणांनी बारा पेन्सांपासून साडेनऊ शिलिंगांपर्यंत भरले. टॉमस एलिस नावाच्या एकट्याने सोळा पौंडांहून जास्त भरले, कारण तो साऱ्या परगण्यातल्या धनवंतांपैकी एक होता. चार पेन्सवाल्या चौदा जणांत सायमन न्यूटन असं एक नाव आहे.

आयझॅक न्यूटनच्या घराण्याचा कागदोपत्री माग इथवर जातो. त्याच्या अलीकडे एकशेअठरा वर्षांनी जन्मलेल्या त्या मुलाबद्दल जगात पुस्तकांचे ढीग आहेत, पण त्याच्या बापजाद्यांची शेतं, मेंढ्या आणि मृत्युपत्रं यांकडे फार उशिरा कोणी पाहिलं. लिंकनशायरचे कॅनन सी. डब्ल्यू. फॉस्टर हे धर्मोपदेशक जुन्या दप्तरांचे मोठे अभ्यासक. त्यांनी १९२८मध्ये न्यूटन घराण्याचे कागद शोधून, लावून छापले. पुढच्या चरित्रकारांनी, विशेषतः रिचर्ड वेस्टफॉल यांनी, त्यांच्याच आधारावर हा भाग उभा केला. त्या कागदांतून दिसणारं चित्र आणि खुद्द न्यूटनने आपल्या कुळाबद्दल सांगितलेलं चित्र यांत अंतर आहे, आणि त्या अंतरासाठीच हा लेख.

आधी ‘येओमन’ या शब्दाचं पाहू. मराठी वाचकाला चटकन मिरासदार आठवेल, आणि ते अगदीच चूक नाही. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९मध्ये जो अहवाल लिहिला त्यात मिरासदाराचं वर्णन वंशपरंपरेने जमीन धारण करणारा, ती विकू शकणारा मालक असं केलं आहे, आणि त्याच्यासमोर उपरी उभा केला आहे. पण एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. मिरास हा जमिनीवरचा हक्क होता, तर येओमन हा कोणत्याही हक्काचा प्रकार नव्हता. येओमनची काही जमीन पूर्ण मालकीची असे. काही ‘कॉपीहोल्ड’ असे, म्हणजे मॅनॉरच्या न्यायसभेच्या वहीत नोंद आणि त्या नोंदीची नक्कल हाच धारकाचा पुरावा. काही खंडाने घेतलेली असे. या सगळ्याची बेरीज गावाच्या डोळ्यांत भरण्याइतकी झाली की माणसाला येओमन म्हणत. पंधराव्या शतकापासून परगण्याच्या निवडणुकीत मत द्यायला वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन लागे, आणि कायद्याचे लेखक येओमनची व्याख्याही याच चाळीस शिलिंगांवर बेतत. व्यवहारात मात्र त्या व्याख्येपेक्षा शेजाऱ्यांचं मत वरचढ ठरे. येओमनच्या खाली ‘हजबंडमन’, म्हणजे साधा कुणबी. त्याच्या वर ‘जंटलमन’, ज्याला स्वतःच्या हाताने नांगर धरावा लागत नसे.

माणूस मरताना मृत्युपत्रात स्वतःच्या नावापुढे काय लिहवून घेतो, याला म्हणूनच संशोधक इतकं महत्त्व देतात. न्यूटनांच्या बाबतीत तर सगळी गोष्ट या एका शब्दात सापडते. १५४४मध्ये पुन्हा कर बसला तेव्हा वेस्टबीतून फक्त चौघे पात्र ठरले आणि त्यांतले दोघे न्यूटन होते. दोघांचंही नाव जॉन. बहुधा सायमनचा मुलगा आणि नातू. वीस वर्षांत गावाच्या तळातून वरच्या ओळीत. त्यांतल्या धाकट्या जॉनने १५६२च्या मृत्युपत्रात स्वतःला अजून हजबंडमनच म्हटलं आहे. एकवीस वर्षांनी त्याचा मुलगा, तिसरा जॉन, वारला तो येओमन म्हणून. विल्यम नावाचा भाऊही तोच शब्द लावी.

हे घराणं चढलं कसं? लिखित उत्तर कुठे नाही, पण काळाची हवा माहीत आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धान्याचे भाव चढत गेले, शतकाच्या आरंभापासून १६४०पर्यंत पाच-सहा पट. ज्याची जमीन स्वतःची, किंवा ज्याचा खंड जुन्या दराने ठरलेला, त्याच्या हातात दरवर्षी थोडा जास्त पैसा उरू लागला. ज्याला रोजच्या मजुरीवर धान्य विकत घ्यावं लागे तो बुडत गेला. त्यात हेन्रीने मठ मोडले आणि जमिनींचा बाजार खुला झाला. म्हणजे वेस्टबीच्या चौदा चार-पेन्सवाल्यांपैकी एकाचं घर वर गेलं ते ज्या भाववाढीमुळे, त्याच भाववाढीने बाकीच्या काहींच्या नातवंडांना शेतमजूर केलं असणार. त्यांची मृत्युपत्रं नाहीत, त्यामुळे त्यांचा शोध कोणी घेत नाही. वंशावळींच्या संशोधनातली ही कायमची खोट आहे. आपण फक्त जिंकलेल्यांच्या मागावर जाऊ शकतो.

वेस्टबीच्या जॉनने मुलांना वेगवेगळ्या गावांत जमिनी लावून दिल्या. रिचर्ड या मुलासाठी त्याने जवळच्याच कोल्स्टरवर्थ पॅरिशमधलं, विदम नदीकाठचं वूल्सथॉर्प निवडलं. शंभर एकरांहून मोठं शेत, त्यातले साठ एकर नांगरटीखालचे. शंभर एकर ऐकून आपल्या डोळ्यांपुढे एका बांधात सलग पसरलेलं रान येतं. तसं नव्हतं. त्या भागात मोकळ्या शेतांची पद्धत होती. गावाची दोन-तीन मोठी शेतं, त्यांचे ‘फर्लांग’ नावाचे भाग आणि भागांत प्रत्येकाचे अरुंद लांबट पट्टे. एका माणसाचे पट्टे गावभर विखुरलेले. काय पेरायचं, कापणीनंतर रानात गुरं कधी सोडायची, हे गावाने मिळून ठरवायचं. जमिनीइतकाच मोलाचा होता तो गावच्या कुरणात अमुक इतक्या मेंढ्या चारण्याचा हक्क. चुनखडीची ती उंच माळरानं धान्यापेक्षा लोकरीला जास्त मानवत.

रिचर्ड १५८८मध्ये वारला तेव्हा त्याच्या चीजवस्तूंची किंमत १०४ पौंड भरली. ही संख्या कळते ती एका कायद्यामुळे. माणूस मेला की शेजारची तीन-चार भली माणसं घरात शिरून खोलीगणिक यादी करत. पलंग, पितळी भांडी, नांगर, कोठारातलं धान्य, गोठ्यातली गाय, प्रत्येकापुढे किंमत. स्थावर जमीन मात्र या यादीत धरत नसत. त्यामुळे यादीवरून घराची ऐपत अजमावताना संशोधकाने जमीन दुसऱ्या कागदांतून आणून तिच्याशेजारी मांडावी लागते. हौशी वंशावळकार इथे हमखास घसरतात आणि जमीनदाराला गरीब ठरवून मोकळे होतात.

रिचर्डचा मुलगा रॉबर्ट. त्याने १६२३मध्ये वूल्सथॉर्पचा मॅनॉरच विकत घेतला. मॅनॉर म्हणजे घर नव्हे. काही जमीन, तिच्यावरच्या धारकांकडून येणारी देणी आणि न्यायसभा भरवण्याचा हक्क अशी ती मालमत्ता. आधीच्या शतकात हा मॅनॉर चार वेळा विकला गेला होता, तेव्हा फार तालेवार नसावा. वर्षाला तीस पौंड उत्पन्नाचा धरत. तरी रॉबर्ट आता मॅनॉरचा ‘लॉर्ड’ झाला. चार पेन्सांपासून इथवर यायला शंभर वर्षं लागली, नेमकी एक कमी.

१६३९च्या डिसेंबरात रॉबर्टने ही सगळी जमीन मुलगा आयझॅक आणि त्याची वाग्दत्त वधू हॅना आयस्कफ यांच्या नावे करून दिली. हॅना जंटलमन घरची. माहेर उतरतीला लागलेलं, पण शिकलेलं. तिचा भाऊ विल्यम केंब्रिजचा एम. ए. आणि धर्मोपदेशक. तिने येताना सूस्टर्न गावातली वर्षाला पन्नास पौंडांची मालमत्ता आणली, म्हणजे सासरच्या मॅनॉरपेक्षा जास्त. न्यूटनांच्या जमिनीची कथा सांगताना पुरुषांची नावं ओळीने लावण्याची सवय असते. या पन्नास पौंडांकडे मग कोणाचं लक्ष जात नाही.

लग्न १६४२च्या एप्रिलमध्ये झालं. ऑक्टोबरात नवरा वारला. त्याच्या यादीची बेरीज ४५९ पौंड १२ शिलिंग ४ पेन्स. २३४ मेंढ्या, ४६ गुरं. त्या भागात सर्वसाधारण कळप पस्तीस मेंढ्यांचा. एवढा मातबर शेतकरी, आणि त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मृत्युपत्राखाली त्याने खूण केली आहे. तोवर या घराण्यातल्या कोणालाच सही येत असल्याचा पुरावा नाही. नाताळच्या दिवशी, जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबरला, मुलगा झाला आणि त्याला बापाचंच नाव दिलं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे, म्हणून जमिनीपुरतंच सांगतो. हॅनाने १६४६मध्ये बार्नाबस स्मिथ या साठी उलटलेल्या श्रीमंत धर्मोपदेशकाशी लग्न केलं, पण त्याआधी वूल्सथॉर्पचं घर दुरुस्त करून देण्याची आणि मुलाच्या नावे जमिनीचा एक तुकडा करण्याची अट घातली. तीन वर्षांचं पोर आजीपाशी राहिलं. या व्यवहाराने मुलाच्या मनाचं काय झालं यावर पुष्कळ लिहून झालं आहे. त्याच्या सातबाऱ्यासाठी मात्र आईने तजवीज केली होती, एवढं कागद सांगतात. सावत्र बाप गेल्यावर त्याची एक जवळजवळ कोरी जाडजूड वही न्यूटनकडे आली. कलनशास्त्राची सुरुवातीची गणितं त्या वहीत आहेत.

शेतीत त्याला घालून पाहिलं, ते फसलं. २८ ऑक्टोबर १६५९ला कोल्स्टरवर्थच्या मॅनॉर न्यायसभेने सोळा वर्षांच्या आयझॅकला मेंढ्यांनी दुसऱ्याच्या रानात नुकसान केल्याबद्दल ३ शिलिंग ४ पेन्स दंड केला. डुकरं धान्यात शिरली म्हणून एक शिलिंग, कुंपण मोडकं ठेवलं म्हणून आणखी एक. एका मॅनॉरचा भावी लॉर्ड शेजारच्या मॅनॉरला दंड भरतो आहे. ती नोंद वाचताना हसू येतं.

आता त्याने स्वतः सांगितलेली वंशावळ. १७०५मध्ये राणी ॲनने त्याला ‘सर’ केलं. सरदाराला कुलचिन्ह हवं, आणि त्यासाठी लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सपुढे वंश शाबीत करावा लागे. न्यूटनने त्या नोव्हेंबरात शपथेवर वंशावळ दाखल केली. वेस्टबीच्या जॉनपासून खाली ती बरोबर आहे, कागदांशी जुळते. गणितासारखीच पायरी पायरीने त्याने ती मांडली होती, कच्चे खर्डे पुन्हा पुन्हा लिहून. तिच्या आधारे त्याने थोरल्या शाखेच्या सर जॉन न्यूटन या बॅरोनेटशी भाऊबंदकी जोडली आणि काळ्या ढालीवर दोन रुपेरी नडग्यांची हाडं हे त्यांचं चिन्ह मिळवलं.

पण १७२५मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने जेम्स ग्रेगरी या स्कॉटिश गणितज्ञाला वेगळंच सांगितलं, अशी हकिगत टॉमस रीड या तत्त्वज्ञाच्या पत्रातून पुढे आली. पहिल्या जेम्स राजाबरोबर ईस्ट लोदियनहून आलेल्या एका स्कॉटिश जंटलमनचा आपण नातू, असं. जेम्स इंग्लंडला आला १६०३मध्ये. त्याच्या आधी ऐंशी वर्षं न्यूटन वेस्टबीत कर भरत होते. शपथेवर दिलेल्या स्वतःच्याच वंशावळीशी ही गोष्ट विसंगत आहे. रीडने ऐकलेली गोष्ट वाटेत बदलली असेल, हे शक्य आहे. म्हाताऱ्याच्या मनात ती इच्छा घर करून होती, हेही शक्य आहे. मला दुसरं जास्त पटतं, कारण शपथेच्या वंशावळीतही ओढ वरच्या शाखेकडेच आहे. अंगठेबहाद्दर बापाच्या २३४ मेंढ्यांवर आपण केंब्रिजला गेलो, हे त्याला सांगण्याजोगं वाटलं नाही. गंमत अशी की केंब्रिजलाही तो इतरांची कामं करून शिकणारा ‘सबसायझर’ म्हणून दाखल झाला होता. आईकडे पैसा असून.

१७२७मध्ये तो मृत्युपत्र न करता वारला. सुमारे बत्तीस हजार पौंडांची चीजवस्तू सावत्र भावंडांच्या आठ मुलांत वाटली गेली. ज्यांनी म्हातारपणी त्याला सांभाळलं ती हीच माणसं. पण वूल्सथॉर्पच्या जमिनीतला एक वाफाही त्यांना मिळू शकला नाही. इंग्रजी कायद्यात वडिलोपार्जित स्थावर अर्ध्या रक्ताच्या नातलगाकडे जात नसे, आणि १८३३पर्यंत तो नियम तसाच राहिला. जमीन बापाच्या बाजूच्या जॉन न्यूटन नावाच्या दूरच्या भाऊबंदाकडे गेली. लिहितावाचता न येणाऱ्या पिढ्यांनी जे जोडलं होतं ते त्याने सहा वर्षांत दारू-जुगारापायी घालवलं.

१७३३मध्ये वूल्सथॉर्प शेजारच्या टर्नर घराण्याकडे गेलं. त्या घराण्यातल्या एडमंड टर्नरने न्यूटन जन्मला त्या खोलीत १७९८मध्ये संगमरवरी पाटी बसवली, आणि १८०६मध्ये ग्रँथम परिसराच्या इतिहासाचं पुस्तक छापताना त्यात न्यूटनविषयीचे कागदही घातले. घर १९४३पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. रॉबर्टच्या १६२३च्या खरेदीतल्या आवारात ते सफरचंदाचं झाड १८२०च्या सुमारास वादळात आडवं झालं होतं. पडल्या जागीच त्याने पुन्हा मूळ धरलं.